संध्याकाळी सातनंतर आकाशवाणीचं सांगली केंद्र का जातं? रेडिओ उघडण्याआधी हे बघा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या एका मामांचा दिवाळी झाली की फोन ठरलेला. तक्रारही ठरलेली. "सकाळी सगळं बरोबर असतंय बघ. सात वाजले की सांगली वर-खाली व्हायला लागतंय, मधनंच दुसरंच कोण तरी बोलतंय. दुकानात दोनदा दिला. तिथं बरोबर वाजतोय, घरी आणला की परत तेच."

दुकानात बरोबर वाजतो, कारण दुकानदार तो दुपारी बाराला लावून बघतो. रात्री आठला बघितला असता तर त्याच्याकडेही तेच झालं असतं. मामांनी दोनदा पैसे मोजले ते चांगल्या रेडिओची झाकणं उघडून परत लावल्याबद्दल.

पोटाचा धंदा माझा मोटर रिवाइंडिंगचा, रेडिओ हा नाद. पण बेळगाव, खानापूर, चंदगडकडून लोक विचारत येतात आणि दहातल्या सहा-सात रेडिओंना स्क्रू-ड्रायव्हर लावावाच लागत नाही. म्हणून हे एकदा लिहून ठेवतोय. बिघाड रेडिओत आहे, घरात आहे की आभाळात, हे आधी ठरवायचं. रेडिओ उघडायचा तो सगळ्यात शेवटी.

त्यासाठी एक कागद घ्या आणि आपल्या भागात मिडीयम वेव्हवर, म्हणजे रेडिओच्या एमडब्ल्यू पट्टीवर, काय काय लागायला पाहिजे ते लिहा. बेळगावातून धरलं तर धारवाड ७६५ किलोहर्ट्झ, २०० किलोवॅट, हवेतून अंतर सत्तरेक किलोमीटर. हे केंद्र उशीखाली ठेवलेल्या रेडिओवरही लागतं. पणजी १२८७, १०० किलोवॅट, ऐंशीएक किलोमीटर. सांगली १२५१, फक्त २० किलोवॅट आणि अंतर एकशे दहा. रत्नागिरी ११४३, तेही २० किलोवॅट, त्याहून लांब आणि मध्ये सह्याद्री. पुणे ७९२ आणि मुंबईची ५५८ (अस्मिता) व १०४४ ही १०० किलोवॅटची, पण तीनशे-चारशे किलोमीटरवर. जुन्या काट्याच्या रेडिओवर शेवटचा आकडा काढून छापलेलं असतं, म्हणजे धारवाड ७६ आणि ७७ च्या मध्ये, सांगली १२५ च्या केसभर पुढं.

आता दुपारी एकदा आणि रात्री आठला एकदा, दोन्ही वेळा हे सगळे आकडे फिरवून कुठलं कसं लागतं ते कागदावर मांडा. मामांना मी हेच करायला लावलं. दुपारी धारवाड, पणजी, सांगली स्वच्छ. रात्री धारवाड तसंच खणखणीत, पणजी जरा डळमळीत, सांगली हेलकावे खाणारं, आणि दुपारी मुका असलेला ५५८ चा आकडा रात्री बोलायला लागलेला. एवढ्यावर निकाल लागतो. रेडिओ ठणठणीत आहे, गोंधळ आभाळाचा आहे.

होतं असं. दिवसा सूर्यामुळं साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवर विद्युतभारित हवेचा एक थर तयार होतो आणि मिडीयम वेव्हची वर गेलेली लहर तो गिळून टाकतो. त्यामुळं दिवसा आपल्याला फक्त जमिनीला धरून आलेली लहर मिळते. ती जवळची असते, पण स्थिर असते. सूर्य मावळला की हा थर विरतो, लहर आणखी वरच्या थरावर आपटून शेकडो किलोमीटर लांब खाली येते. मुंबई लागते ती यामुळंच. पण सांगलीचंही तसंच होतं: एक लहर जमिनीवरून येते, दुसरी आभाळातून, आणि दोन्ही एकाच वेळी एरियलला येऊन मिळतात. कधी एकमेकींना हात देतात, कधी एकमेकींना मारतात. वरचा थर स्थिर नसतो, म्हणून आवाज मिनिटाभरात चढतो, पडतो आणि पडताना घोगरा होतो. धारवाडची जमिनीवरची लहर इतकी जोरदार आहे की आभाळातली तिच्यापुढं नगण्य. निपाणीवाल्यांना हा त्रास फारसा नाही. सांगली तिथून पन्नासेक किलोमीटरवर. खानापूरला मात्र ते अंतर एकशे पस्तीसच्या आसपास जातं.

मधनंच बोलणारं "दुसरंच कोण तरी" म्हणजे त्याच आकड्यावरचं लांबचं केंद्र. एकच आकडा देशात एकाहून जास्त केंद्रांना दिलेला असतो, दिवसा ती एकमेकांपर्यंत पोचत नाहीत म्हणून. ११४३ वर रत्नागिरी आहे आणि हरियाणातलं रोहतकही. रात्री मराठीच्या खालून हिंदी ऐकू आली तर शेजाऱ्यानं टीव्ही मोठा केलाय असं समजून भांडायला जाऊ नका.

दिवाळीनंतरच का? मे-जूनमध्ये आपल्याकडं सात वाजेपर्यंत उजेड असतो, नोव्हेंबरात सहालाच दिवस मावळतो. साडेसहाचा कार्यक्रम उन्हाळ्यात दिवसा येतो, थंडीत रात्री. कार्यक्रम तोच, रेडिओ तोच, फक्त सूर्य आधी गेलेला.

इथं एक फसगत होते, ती मी स्वतः खाल्लीय. संध्याकाळी बिघडतं म्हणजे आभाळच, असं धरून एका काकांना मी उपदेश करून परत पाठवलं. आठ दिवसांनी तेच परत आले, तेव्हा रेडिओ हातात घेऊन बघितला. सेल संपत आलेले होते. साधे स्वस्तातले सेल रात्रभर विश्रांती मिळाली की थोडे सावरतात, सकाळी तासभर बरे चालतात आणि संध्याकाळपर्यंत परत बसतात. लक्षण हुबेहूब तेच, सकाळी छान आणि संध्याकाळी घोगरं. फरक ओळखायचा तो धारवाडवरून. सेल उतरले असतील तर धारवाडही फाटका वाजतो, आवाज वाढवला की भसाभसा करतो. आभाळाचा दोष असेल तर धारवाडला काही होत नाही. मी त्या काकांना धारवाड लावून दाखवा म्हणालोच नव्हतो.

घरातला गोंगाट

दुसऱ्या जातीची तक्रार अशी: दिवसाही सांगली नीट नाही, सगळ्या पट्टीभर घर्रर्र आवाज, धारवाड सोडून सगळं त्यात बुडालेलं. हा बिघाड बहुतेक वेळा भिंतीवरच्या बोर्डात असतो. रेडिओ सेलवर लावा, काटा दोन केंद्रांच्या मधल्या रिकाम्या जागी ठेवा आणि घराचा मेन स्विच बंद करा. घर्रर्र थांबलं तर चोर घरात आहे. एकेक स्विच लावत जा, सापडेल. मेन बंद करूनही राहिलं, पण गावातली लाईट गेली की थांबलं, तर शेजारी किंवा खांबावर.

चोर कोण ते आवाजावरूनही थोडं कळतं. बिननावाचा मोबाईल चार्जर आणि स्वस्त एलईडी बल्ब पट्टीभर खरखरीत झोत सोडतात. पंख्याचा अखंड फिरणारा रेग्युलेटर कर्कश भुणभुण करतो, आणि पंखा पूर्ण वेगात केला की ती जवळपास जाते. टप्प्याटप्प्याचा, खटखट फिरणारा रेग्युलेटर बसवा, प्रश्न मिटतो. सेट-टॉप बॉक्स आणि वायफायचा अडॅप्टर यांच्यापासून रेडिओ दोन मीटर जरी लांब नेला तरी फरक पडतो, कारण हा गोंगाट अंतराबरोबर झपाट्यानं ओसरतो. बेळगावच्या वडगाव-खासबागेत मागांची वस्ती आहे, तिथं मागांची चरचर असते. माग जेवणाच्या सुट्टीत थांबले की ती थांबते, म्हणून तिथल्या लोकांना निदान कारण तरी ठाऊक असतं.

खानापूर-जांबोटीकडचा एक आवाज मात्र कित्येकांना ओळखू येत नाही. टक्... टक्... टक्... सेकंद-सव्वा सेकंदाला एक, घड्याळासारखा, रात्रभर. ते झटका मशीन. गवे आणि डुकरं शेतात शिरू नयेत म्हणून सोलर कुंपण घालतात, त्याची तार गवताला किंवा वेलीला टेकली की प्रत्येक झटक्याला तिथं बारीक ठिणगी उडते. ठिणगी म्हणजे लहानसा ट्रान्समीटरच. अशा वेळी शेतकऱ्याशी वाद घालू नका, खिशातला रेडिओ रिकाम्या आकड्यावर लावून त्याच्याबरोबर तारेच्या कडेकडेनं चाला. टक् जिथं सगळ्यात मोठा होतो तिथंच तार टेकलेली असते. मागच्या पावसाळ्यानंतर एका ओळखीच्यांच्या रताळ्याच्या रानात आम्ही असंच केलं. सव्वाशे पावलांवर घाणेरीची एक फांदी सापडली. मशीन बंद करून फांदी तोडली. रेडिओ शांत झाला आणि कुंपणाचा उतरलेला जोरही परत आला. त्यांना रेडिओत काही रस नव्हता, पण त्या दिवसापासून तेही खिशात एक ठेवतात.

खांबावरचा गोंगाट तुमच्या हातात नाही. सैल जोड किंवा तडकलेला चिनीमातीचा इन्सुलेटर असेल तर कोरड्या हवेत तडतड जास्त होते आणि मोठा पाऊस पडून गेला की बहुधा कमी होते. कुठल्या खांबाजवळ वाढते ते बघा, खांबाचा नंबर लिहून तक्रार द्या. खांबाला हात लावू नका, काठीनं हलवून तर मुळीच बघू नका.

स्लॅबचं घर आणि फेराईटची दिशा

"जुन्या घरात लागत होतं, नवीन घरात लागत नाही." मंगळुरी कौलं उतरवून स्लॅब टाकलेल्या प्रत्येक गल्लीत हे ऐकायला मिळतं. स्लॅबमधल्या आणि कॉलममधल्या सळ्या म्हणजे घराभोवतीची लोखंडी जाळीच. मिडीयम वेव्हची लहर दोनशे ते साडेपाचशे मीटर लांबीची, ती त्या जाळीतून आत यायला कुरकुरते. देवघराशेजारच्या फळीवर ठेवलेला रेडिओ खिडकीत आणा. पत्र्याच्या शेडमध्ये असाल तर दारात आणा. यात शास्त्र एवढंच.

दिशेत मात्र खरी गंमत आहे, आणि नेमकी हीच गोष्ट कुणी सांगत नाही. ट्रान्झिस्टरची बाहेर ओढायची चकचकीत काडी एफएम आणि शॉर्टवेव्हसाठी असते. मिडीयम वेव्हला ती कितीही ओढा, उपयोग शून्य. मिडीयम वेव्हचं एरियल आत असतं: काळ्या फेराईटची कांडी, तिच्यावर तांब्याची गुंडाळी, बहुतेक वेळा रेडिओच्या वरच्या लांब कडेला समांतर. ही कांडी आपल्या कुशीवर येणारी लहर पकडते आणि टोकावर येणारी सोडून देते. म्हणून रेडिओ टेबलावर ठेवून हळूहळू गोल फिरवायचा.

बेळगावातून सांगली जवळजवळ सरळ उत्तरेला. म्हणजे रेडिओची लांब बाजू पूर्व-पश्चिम पाहिजे. पणजी नैऋत्येला, धारवाड आग्नेयेला. खानापुरातून धारवाड आणखी पूर्वेकडं सरकतं, त्यामुळं तिथं रेडिओ सांगलीसाठी पूर्व-पश्चिम ठेवला की कांडीचं टोक आपोआप धारवाडकडं होतं आणि धारवाड निम्म्याहून जास्त दबतं. फुकटचा फायदा.

पुण्याच्या ७९२ ला याची खरी गरज पडते. धारवाड ७६५, पुणे ७९२, मध्ये नऊ-नऊ किलोहर्ट्झची जेमतेम तीन घरं, आणि शेजारी २०० किलोवॅटचा. साध्या रेडिओत धारवाडचं कन्नड पुण्यावर सांडतं. उपाय म्हणजे कांडीचं टोक धारवाडवर रोखायचं, आग्नेय-वायव्य, आणि दोन-चार अंश इकडं-तिकडं करत धारवाड सगळ्यात बारीक होईल तिथं थांबायचं. अडचण अशी की पुणे साधारण विरुद्ध दिशेलाच आहे, वायव्य आणि उत्तर यांच्या मध्ये, म्हणून धारवाड मारताना पुण्याचाही तिसरा हिस्सा जातो आणि मुंबईचा निम्म्याहून जास्त. तरी सौदा परवडतो, कारण धारवाड जवळपास पूर्ण बसतं. सकाळच्या ७.१० च्या बातम्यांसाठीच हा खटाटोप असेल तर राहू द्या, पुण्याच्या त्या बातम्या सांगलीवरूनही येतात.

आणि धारवाड दाबताना थोडं ऐकतही जा. मल्लिकार्जुन मन्सूर ज्या केंद्राचे संगीत सल्लागार होते ते केंद्र आहे हे. रात्री चुकून तिथं काटा राहिला तर वाईट काही होत नाही.

परदेशातून आलेला डिजिटल रेडिओ

वडगावच्या एका आजींना नातवानं अमेरिकेहून आकडे दिसणारा रेडिओ आणला. महागाचा. एफएम झकास, पण मिडीयम वेव्हवर धारवाडसुद्धा धड लागेना. धारवाड लागत नाही म्हटल्यावर मला आधी सर्किटचाच संशय आला, आणि मी चुकलो.

आपल्याकडची मिडीयम वेव्हची केंद्रं नऊ-नऊच्या अंतरानं बसवलेली आहेत. ही वाटणी १९७५ साली जिनिव्हाला ठरली आणि २३ नोव्हेंबर १९७८ पासून लागू झाली. अमेरिकेत तेच अंतर दहाचं. आजींचा रेडिओ ७६० वरून थेट ७७० वर उडी मारत होता आणि धारवाड बरोबर मध्ये, दोन्हीकडून पाच किलोहर्ट्झ लांब. १२५० वर सांगली लागत होतं, कारण चूक फक्त एकाची. १०४० वर मुंबई लागली असती तरी चिरका आवाज आला असता. अशा रेडिओत ९ आणि १० निवडायची सोय असते, कधी सेलच्या झाकणाखाली बारीक स्विच, कधी रेडिओ बंद असताना एखादं बटण दाबून धरायचं. पुस्तिकेत "स्टेप" शब्द शोधा. बदललं की साठवलेली केंद्रं पुसली जातात, ती परत भरावी लागतात. बाहेरून आणलेल्या गाडीच्या स्टिरिओलाही हेच लागू.

कुणी सांगितलेला आकडा बरोबर आहे का हे बघायची पाढ्यातली युक्ती: आपल्या केंद्रांचे आकडे नऊनं भागले जातात. ७+६+५ अठरा, १+२+५+१ नऊ, ७+९+२ अठरा. बेरीज नऊच्या पाढ्यात बसत नसेल तर सांगणाऱ्यानं अंदाजे सांगितलंय.

धारवाड, पुणे, मुंबई, पणजी या प्रक्षेपकांवर डिजिटल प्रक्षेपणाचीही सोय आहे. ते चालू असलं की केंद्राच्या वरच्या घरात, म्हणजे धारवाडच्या बाबतीत ७७४ च्या आसपास, धबधब्यासारखा एकसुरी सूं आवाज येतो. तो बिघाड नाही.

आता उघडा

एवढं करूनही सगळीच केंद्रं, धारवाडसकट, मंद असतील तरच झाकण काढा. आधी फेराईटच्या कांडीकडं बघा. गुंडाळी मेणानं चिकटवलेली असते. उन्हात किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर तापलं की मेण सुटतं, गुंडाळी घसरते आणि रेडिओ बहिरा होतो. लांबचं एक केंद्र लावून गुंडाळी हळूच सरकवा, आवाज सगळ्यात मोठा येईल तिथं मेणबत्तीचा थेंब टाका. कांडीला तडा असेल तर बदला. गुंडाळीची केसासारखी तार तुटलेली असेल तर बहिरेपण पूर्ण. केंद्र बरोबर लागतं पण काटा भलत्या आकड्यावर दाखवतो, ते डायलच्या दोरीचं काम. आवाज वाढवताना चरचरतं ते व्हॉल्यूम कंट्रोलचं. आत दिसणारे रंगीत डोक्यांचे स्क्रू मात्र फिरवू नका. दुकानात येणारे निम्मे मेलेले रेडिओ आधी कुणी तरी हे स्क्रू "घट्ट" केलेले असतात.

आणि एकच केंद्र दिवसाढवळ्या, दोन वेगवेगळ्या रेडिओंवर, अचानक पूर्ण गेलं तर तुमच्याकडं काही बिघडलेलं नाही. गेल्या काही वर्षांत आकाशवाणीनं ठिकठिकाणचे मिडीयम वेव्ह प्रक्षेपक बंद केलेत. आकाशवाणीच्या ॲपवर तेच केंद्र चालू आहे का बघा; तिथं वाजत असेल तर स्टुडिओ जिवंत आहे, आकड्यावरचा प्रक्षेपक थांबलाय.

मामांसाठी शेवटी मी लूप करून दिलं. दोन फुटी चौकोनी लाकडी चौकट, तिच्यावर साध्या इन्शुलेटेड वायरचे दहा वेढे, दोन टोकांना भंगारातल्या रेडिओची गँग, म्हणजे केंद्र लावायचा फिरता कंडेन्सर. रेडिओला कुठंही जोडायचं नाही, नुसतं शेजारी ठेवायचं. चौकटीची कड सांगलीकडं, म्हणजे उत्तर-दक्षिण. रेडिओ तिला आडवा, पूर्व-पश्चिम. रेडिओ १२५१ वर लावून गँग सावकाश फिरवली की एका जागी आवाज एकदम फुगतो. दुपारी तर मामांना बाजूला खिडकी उघडल्यासारखं वाटलं. रात्रीचे हेलकावे यानं थांबत नाहीत, पण पडलेला आवाज निदान ऐकू येण्याइतका राहतो. डिसेंबरात नऊनंतर तेही चालत नाही, तेव्हा मामा मुकाट्यानं मुलाच्या मोबाईलवर ऐकतात.

यंदा दिवाळीनंतर फोन आला तो वेगळ्याच कारणानं. "तुझ्या त्या फ्रेमवर मामी टॉवेल वाळत घालतेय. चालतंय काय?"

चालतंय म्हटलं. टॉवेलानं लहर अडत नाही. फक्त पिळून घालायला सांगा, गँगवर पाणी पडायला नको.